लोखंडाची चव

बिअरच्या त्या कारखान्यात तिला सगळे ‘चोखंदळबाई’ म्हणायचे. तोंडावर नुसतं ‘बाई’, पाठीमागे पूर्ण नाव. तिला दोन्ही ठाऊक होती, आणि पाठीमागचं कानावर आलं की ती मनातून सुखावायची. बाईंनी नाक मुरडलं की टाकीभर बिअर अडकून पडायची, आणि बाईंनी मान हलवली की बाटल्यांचा पट्टा सुरू व्हायचा. एवढा मान तिला माहेरी नव्हता, सासरीही नव्हता.

कारखान्यात ती आली होती बाटल्या तपासायला. रिकाम्या बाटल्या पट्ट्यावरून सरकत पांढऱ्या दिव्यासमोरून जायच्या, तडा दिसला की उचलून बाजूला ठेवायची, एवढंच काम. एकदा जेवणाच्या सुट्टीत पाणी पिता पिता ती सहज म्हणाली, “आज पाण्याला रबराचा वास येतोय.” बरोबरच्या बायका हसल्या. शेजारून बिअर बनवणारे उस्ताद चालले होते, ते मात्र थांबले. त्या नळाला त्यांनीच सकाळी नवा रबरी वायसर बसवला होता.

“पोरी, उद्यापासून माझ्याकडे ये,” ते म्हणाले.

उस्ताद म्हणजे ताडमाड माणूस, हात कोपरापर्यंत गरम पाण्याने लाल झालेले, आणि बोलणं असं की ओरडतोय की समजावतोय ते कळू नये. त्यांनी तिला नुसती चव शिकवली नाही, चवीला शब्द शिकवले. ‘छान आहे’ म्हटलं की ते भडकायचे. “छान म्हणजे काय? लग्नातला फोटो छान असतो. काय लागतंय ते बोल!” मग ती डोळे मिटून बोलायला लागायची: करपलेली साखर. ओलं लाकूड. पावसात भिजलेलं पुठ्ठ्याचं खोकं. शेवटचं म्हटलं की उस्ताद कपाळाला हात लावायचे, कारण बिअर शिळी होऊ लागली की तिला पुठ्ठ्याची चव येते.

“वाइनवाले थुंकतात,” ते सांगायचे. “आपल्याला ती सोय नाही. बिअरचा कडूपणा घशाच्या तळाशी बसलेला असतो, तिथवर गेल्याशिवाय भेटत नाही. तेव्हा गिळायचं. पण एकच घोट. दुसरा घेतलास की तू चाखणारी राहिली नाहीस, पिणारी झालीस.”

कारखाना वर्षभर फिकी, सोनेरी बिअर काढायचा. ती लोक उन्हातान्हातून येऊन गटागटा पितात आणि विसरून जातात. पण वर्षातून एकदा उस्ताद काळी बिअर लावायचे. जव इतके खरपूस भाजायचे की भट्टीच्या खोलीतून बाहेर आलेल्या माणसाच्या केसांना दोन दिवस कॉफीचा वास यावा. मग ती बिअर टाकीत महिनोन्‌महिने निजून राहायची. जाड, जड, काळीकुळकुळीत, आणि चढायला अशी की तिच्यापुढे कुणी शहाणपणा करू नये. ती थंडगार प्यायची नाही. पेला तळव्यात धरून बसायचं, हाताची ऊब तिला लागू द्यायची, मग ती हळूहळू तोंड उघडते. “लाजरी आहे,” उस्ताद म्हणायचे. “आल्या आल्या बोलत नाही.”

त्या वर्षीची काळी बिअर चाखायला चौघे बसले. बाई, प्रयोगशाळेतला चष्मेवाला, हिशेबनीस आणि मालक. उस्ताद नेहमीप्रमाणे दाराला टेकून उभे. बाईंनी पेला उजेडात धरला. रंग बरोबर. फेस बदामी, दाट, काठाला चिकटून राहणारा. वास घेतला. तो जरा वेगळाच वाटला, पण तिने मनावर घेतलं नाही. मग घोट घेतला, आणि तोंडात जणू कुणी नाणं ठेवलं. जिभेच्या दोन्ही कडांना गंजल्यासारखं काहीतरी. लहानपणी दात पडल्यावर येते ना, तशी रक्ताची चव. तिने नियम मोडून दुसरा घोट घेतला. नाणं तिथेच.

“लोखंड,” ती म्हणाली.

चष्मेवाल्याने आपला पेला पुन्हा तोंडाला लावला, भुवया जवळ आणल्या. “हो... शेवटी शेवटी काहीतरी आहे खरं.” हिशेबनिसाने मान डोलावली. मालक म्हणाला, “मला आधीच शंका आली होती.”

उस्ताद पुढे आले. त्यांनी तिचाच पेला उचलला, घोट घेतला, बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले. “मला नाही लागत,” ते म्हणाले. मग तिच्याकडे वळून, अगदी हळू, “पोरी, नक्की?”

“नक्की, उस्ताद.”

“बाहेर कुठेतरी तपासायला पाठवू या,” ते मालकाला म्हणाले.

“तोवर टाकी अडकवून ठेवू? ती जुनी टाकी आतून खरवडली गेलीय हे मी कधीचं सांगतोय. तुमचंच तिच्यावर प्रेम.” मालक उठला, उस्तादांच्या खांद्यावर हात ठेवला. “वय होतं हो माणसाचं. जीभ पण थकते.”

मालकाच्या मनात नवा माणूस आणायचं घोळत होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याला फक्त निमित्त हवं होतं, आणि ते बाईंनी हातात दिलं. हे तिला तेव्हाच उमगलं. पण ती गप्प बसली. खरं ते बोलले, पुढचं मी कशाला बघू, असं तिने स्वतःला बजावलं.

टाकीचा खालचा नळ उघडला तेव्हा कारखान्यातले सगळे अंगणात जमले. काळी बिअर गटाराच्या जाळीवर आपटून फेसाळत होती, आणि आख्ख्या अंगणात भाजलेल्या जवांचा असा घमघमाट सुटला की ट्रकवाला खाली उतरून विचारू लागला, काय शिजतंय. उस्ताद शेवटपर्यंत उभे होते. महिन्याअखेरीस त्यांना भिंतीवरचं एक घड्याळ आणि चार कौतुकाचे शब्द देऊन घरी पाठवण्यात आलं.

नंतर घरात बाईंची चिडचिड सुरू झाली. चहाला पातेल्याची चव लागते म्हणून ती नवऱ्यावर डाफरली. त्याने पातेलं बदललं. मग पाण्याला नळाची चव. मग पावाला सुरीची. “अगं, आता दाताला कवळीची म्हणशील,” नवरा म्हणाला. तो शाळेची बस चालवायचा, दिवसभर चाळीस पोरांचा गोंगाट ऐकून त्याच्यात भलताच संयम आला होता. “एकदा डॉक्टरकडे जाऊन ये.”

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि हसल्या. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. दोघांनी आशा सोडून दिली होती, पाळण्याचा विषय घरात कुणी काढत नव्हतं. बाईंना हसावं की रडावं कळेना.

“तुम्ही बिअर चाखता ना? ते आता बंद. आजवर झालं त्याची उगाच काळजी करत बसू नका, पण आता एक थेंबही नाही.” मग डॉक्टरीणबाईंनी हात पुसता पुसता विचारलं, “मळमळतं? वास सहन होत नाहीत? तोंडाला लोखंडासारखी चव येते का? काही जणींना येते. सुरुवातीला, कळायच्या आधीपासूनच. होते बरी आपोआप.”

बाई खुर्चीत बसल्या जागी थिजली. आयुष्यातली सगळ्यात आनंदाची बातमी आणि सगळ्यात वाईट बातमी तिला एकाच बाईने एकाच श्वासात दिली होती.

घरी जाताना बसमध्ये तिने पोटावर हात ठेवला, आणि डोळ्यासमोर आली ती गटारावरची जाळी. बाळ आतून आपली पहिली वर्दी देत होतं, आणि तिने ती उस्तादांच्या टाकीवर ढकलून दिली होती. शिवाय त्या दिवशी तिने एक सोडून दोन घोट घेतले होते. त्याही घोटांचं भय पुढे कितीतरी दिवस तिच्या मानेवर बसून होतं.

उद्या सांगू, असं तिने ठरवलं. उद्या मालकाचा वाढदिवस निघाला. मग परवा. मग ती पित्ताचं कारण काढून चाखण्यातून सुटली आणि दुसऱ्या टेबलावर बसू लागली. नव्या माणसाने आपली बिअर लावली, ती बरी झाली. मालक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, “आमच्या बाईंमुळे वाचलो. नाहीतर लोकांना गंज पाजला असता.” त्याने तिचा पगार वाढवला. तिने ‘थँक्यू’ म्हटलं. ते थँक्यू तिला पुढे कितीतरी दिवस घशात टोचत राहिलं.

आणि मग बाजारात काकू भेटल्या. काकू म्हणजे उस्तादांची बायको, बटाटे निवडत उभ्या. बाईंचं पोट पाहून त्यांनी तिथल्या तिथे तिला मिठीच मारली. “अगंबाई! आणि आम्हाला कळवलं नाहीस?”

“उस्ताद कसे आहेत?”

काकूंचा चेहरा उतरला. “काय सांगू. जेवायला बसतात आणि मला विचारतात, मीठ बरोबर आहे ना? घासाघासाला. एवढा चवीने खाणारा माणूस, आता औषध घेतल्यासारखा जेवतो. परवा सूप केलं, तर म्हणाले, चांगलं झालं असेल. असेल! म्हटलं, तुमच्या तोंडात आहे ना? तर म्हणतात, माझ्या तोंडावर माझा भरवसा राहिला नाही.” काकूंनी एक बटाटा परत टाकला. “मी म्हटलं, त्या पोरीचंही चुकलं असेल की. तर माझ्यावरच ओरडले. तिचं चुकायचं नाही म्हणाले, मी शिकवलंय तिला.”

बाई घरी आली आणि पिशवी न उतरवता दारातच बसून रडली. नवऱ्याला सगळं सांगितलं.

त्याने डोकं खाजवलं. “आता सांगून कुणाचं भलं होणार? बिअर गेली, नोकरी गेली. तुझीही जाईल. घरात पोर येतंय.”

“त्यांना वाटतंय त्यांची जीभ मेली.”

“हं.” त्याने तिच्या खांद्यावरची पिशवी उतरवली. मग म्हणाला, “मी सोडू का तुला बसने?”

आधी ती मालकाकडे गेली. वाटलं, त्याने हुकूम फिरवला तर उस्तादांकडे निदान काहीतरी हातात घेऊन जाता येईल. मालकाने दार लावून घेतलं, सगळं ऐकलं आणि हसायलाच लागला. “बाई, मी लोकांना काय सांगू? आमच्या चोखंदळबाईंना डोहाळे लागले होते, म्हणून आम्ही टाकीभर बिअर गटारात ओतली? झालं गेलं. तुम्ही बाळंतपणाकडे लक्ष द्या.”

तेव्हा ती रिकाम्या हाताने गेली. उस्ताद परसात एका खुर्चीला रंग देत होते. तिला बघताच त्यांनी ब्रश ठेवला, दुसरी खुर्ची पुढे ओढली. “बस, बस. अशा अवस्थेत पायी आलीस?” त्यांना तिच्या येण्याने झालेला आनंद बघून तिला वाटलं, उठून पळून जावं.

तिने सांगितलं. एकही शब्द न वगळता, खालमानेने. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या तेही सांगितलं.

उस्ताद उठून स्वयंपाकघरात गेले. आतून डबे उघडल्याचे आवाज आले. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या तोंडात काहीतरी होतं, आणि ते सावकाश चघळत होते. कॉफीची एक बी. डोळ्यांत पाणी तरळलं होतं.

“म्हणजे माझी जीभ ठीक होती,” ते म्हणाले.

“हो, उस्ताद.”

“ठीकच होती.” त्यांनी एक लांब श्वास घेतला. तिला वाटलं, आता ते हसतील. “तुला हे कधी कळलं?”

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. येता येता तिने त्याची दहा उत्तरं तयार केली होती. त्यातलं एकही तिने दिलं नाही. “चार-साडेचार महिने झाले.”

उस्तादांनी ब्रश उचलला, रॉकेलच्या डब्यात बुडवला, घोळवत राहिले. खुर्चीच्या रंगाने रॉकेल हळूहळू हिरवं होत गेलं.

“तुझ्या जिभेने फसवलं, त्याचा राग नाही,” ते शेवटी म्हणाले. “तिला पोटातल्याने हुकूम दिला, तिचा काय दोष. पण हे चार महिने जिभेचे नाहीत, बाई. हे तुझे आहेत.”

पोरी नव्हे, बाई. आयुष्यात पहिल्यांदा.

“आता जा तू,” ते म्हणाले. “सांभाळून जा.” काकू फाटकापर्यंत आल्या. त्यांनी तिच्या खांद्यावरची ओढणी नीट केली.

मुलगी झाली. गुटगुटीत, ठणठणीत. दाई तिला पुसत होती तेव्हा बाईंनी आधी तिची बोटं मोजली, मग दुसऱ्यांदा मोजली. ती अंगावर पीत होती तोवर बाईंनी बिअरचा वासही घेतला नाही. दिवस भराभर गेले. दर आठवड्याला वाटायचं, उस्तादांकडे जाऊन यावं. मग वाटायचं, कुठल्या तोंडाने?

मुलगी चालायला लागली, पाव चघळायला लागली, आणि एका दुपारी काकूंचा निरोप आला. उस्तादांनी बोलावलंय. मुलीला घेऊन ये.

टेबलावर एक काळपट बाटली होती, शेजारी तीन पेले. बाईंनी बाटली ओळखली नाही.

“दर वर्षी चाखायला बसायच्या आधी मी त्याच टाकीतून सहा बाटल्या भरून घरी तळघरात ठेवायचो,” उस्ताद म्हणाले. “माझी खोड. त्या वर्षीच्याही आहेत. आजवर उघडायचा धीर झाला नाही. आधी वाटायचं, लोखंड लागलं तर? तू येऊन गेल्यावर वाटायला लागलं, नाही लागलं तर?” त्यांनी झाकण काढलं. “एकट्याला नाही जमणार. काय लागतं ते तू बोल. खरं बोल.”

बिअर पेल्यात उतरली ती तेलासारखी, आवाज न करता. फेस थोडासाच, पण जुन्या चामड्याच्या रंगाचा. बाईंनी पेला तळव्यात धरला. मुलगी काकूंच्या मांडीवर चमच्याशी खेळत होती. कुणीच घाई केली नाही.

आधी वास आला मनुकांचा, दारूत भिजवून विसरून गेलेल्या मनुकांचा. मग भट्टी. मग खूप खालून कडू चॉकलेट, आणि त्याच्याही मागे पेटवून विझवलेल्या लाकडाचा धूर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला कुणी बसलं असावं तसा. तिने घोट घेतला. बिअर जिभेवर पसरली नाही, बसली. जड, गोड, आणि गोडाचा कंटाळा यायच्या आत कडवटपणाने हात धरून उठवली. गिळल्यावर छातीत एक सावकाश ऊब उतरली, आणि मग तोंडात कितीतरी वेळ भाजल्याची, मधाची, पुन्हा भाजल्याची चव येत-जात राहिली.

आणि हे सगळं होत असताना बाई मनातून चोरासारखी लोखंड शोधत होती. जिभेच्या कडांना, हिरड्यांच्या मागे, घशाच्या तळाशी. थोडंसं तरी असू दे, असं ती अक्षरशः मागत होती. एक कणभर. म्हणजे मी अगदीच खोटी ठरणार नाही. काहीच नव्हतं.

“बोल,” उस्ताद म्हणाले.

तिने एकेक करून सांगितलं. मनुका, धूर, चॉकलेट, मध. “दोष?” त्यांनी विचारलं. “नाही, उस्ताद. एकही नाही. तुमच्या हातची एवढी चांगली मी कधी चाखली नव्हती.”

उस्तादांनी आपला घोट घेतला, डोळे मिटले. काकूंनीही घेतला आणि तोंड वाकडं केलं. “मला तर औषधच लागतं बाई,” त्या म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी उस्ताद खो-खो हसले. हसता हसता त्यांनी बाहीने डोळे पुसले. बाईंना हसता आलं नाही. जेवढी बिअर चांगली, तेवढा तिचा गुन्हा मोठा. ती वाईट निघाली असती तर बरं, असं मनात आलं म्हणून तिला स्वतःची किळस आली.

निघताना उस्तादांनी दोन बाटल्या तिच्या पिशवीत ठेवल्या. “त्या तिघांना पाज. माझ्यासाठी नाही. मी आता परत येणार नाही तिकडे, बोलावलं तरी.”

दुसऱ्याच दिवशी तिने तिघांसमोर पेले ठेवले आणि काही न सांगता ओतले. प्यायल्यावर मालकाने विचारलं, “कुणाची ही? आपण का नाही काढत असली?”

“आपणच काढली होती,” ती म्हणाली, आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मालक लाल झाला, पण या वेळी दार लावलेलं नव्हतं.

चष्मेवाल्याने चष्मा काढला. “खरं सांगू? मला त्या दिवशीही काही लागलं नव्हतं.”

“मलाही,” हिशेबनीस पुटपुटला.

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही बोलला होतात ना,” चष्मेवाला म्हणाला.

मालकाने उस्तादांकडे माणूस धाडला. त्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. बाईंनी चाखण्याचं काम आता नको म्हणून सांगितलं, पण तिच्या तोडीचं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून काही महिन्यांनी तिला पुन्हा त्याच खुर्चीत बसावं लागलं. तिने एकच अट घातली, मी सगळ्यात शेवटी बोलणार. आता चौघे बसतात, बाकीचे तिघे आपापलं सांगतात, आणि ती पेला हातात धरून, मान खाली घालून ऐकत राहते. लोकांना वाटतं, बाई फार नम्र झाल्या.